पाचव्या रकान्यातला पत्ता

वसाहतीत तिला सगळे सिस्टर म्हणत. शेवटची ड्यूटी करून सहा वर्षं होत आली होती. पांढरा गणवेश आठ नंबरच्या ट्रंकेत तळाला घडी पडून होता. तरी हाक तीच राहिली. कुणाचं कोपर फुटो, कुणाला ताप चढो, दुसऱ्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या क्वार्टरचं दार आधी वाजायचं. ती जखम धुवायची, पट्टी बांधायची, इंजेक्शन द्यायची. जाताना माणूस म्हणायचा, "सिस्टर, तुमचा हात फार हलका हो." तो हलका हात घेऊन ती परत भांड्यांकडे वळायची.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे अकरावं क्वार्टर होतं. नवरा फौजेत हवालदार. दर दोन वर्षांनी बदलीचा हुकूम यायचा आणि बहुतेक वेळा राज्यही बदलायचं. राज्य बदललं की परिचारिकेची नोंदणी नव्याने करावी लागे. तो कागद यायला आठ-नऊ महिने लागत. कागद हातात पडून एखाद्या दवाखान्यात ती जरा रुळली, वॉर्डातले लोक ओळखायला लागले, की पुन्हा ट्रंका निघायच्या. तिने एकदा बसून बेरीज केली होती. बावीस वर्षांत प्रत्यक्ष काम पाच वर्षं चार महिने. उरलेली वर्षं कागदाची वाट बघण्यात आणि सामान बांधण्यात गेली.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक अरुंद बाल्कनी. भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही. क्वार्टर सोडताना तपासणीला माणूस यादी घेऊन यायचा आणि नळ, दिवे, खिडकीच्या काचा मोजून घ्यायचा. भिंतीत भोक दिसलं की शेरा ठरलेला. त्यामुळे तिच्या घरी घड्याळसुद्धा कपाटावर टेकवून ठेवलेलं असे. लग्नाचा फोटो बावीस वर्षांत एकदाही भिंतीवर लागला नव्हता.

हवालदार एकतीस जुलैला निवृत्त होणार होता. त्या दिवसापर्यंत क्वार्टर रिकामं करायचं होतं. जायचं कुठे, हा प्रश्न वर्षभर घरात जेवायला बसत होता.

परवडतील अशी राज्यं दोनच होती. फौजी निवृत्त झाला की या दोहोंपैकी एकीकडे जातो, हे वसाहतीत सगळ्यांना पाठ. नकाशात एक वर आणि एक खाली, म्हणून त्यांना वरचं आणि खालचं असंच म्हणत. खाली हवालदाराच्या थोरल्या भावाचं घर होतं. वर कुणीच नव्हतं. पण वरच्या राज्याने गेल्या वर्षी एक नियम केला होता. फौजीच्या बायकोकडे कुठल्याही राज्याची परिचारिका म्हणून नोंदणी असली, तर तीस दिवसांत तिथली नोंदणी द्यायची. अट एवढीच की नवरा तिथे नेमणुकीवर आहे किंवा निवृत्तीनंतर तिथे स्थायिक होणार आहे, असं युनिटचं पत्र पाहिजे. खालच्या राज्यात बाहेरच्या परिचारिकेला पुन्हा परीक्षा होती, आणि परीक्षेला वयाची अट पंचेचाळीस. सिस्टरला सेहेचाळिसावं लागून चार महिने झाले होते. शिवाय तिची जुनी नोंदणी मार्चअखेर संपत होती. त्याच्या आत नवीन राज्यात अर्ज गेला नाही, तर नाव पटावरून कायमचं कमी.

हे सगळं तिने घरात एकदा सांगितलं होतं. हवालदार "हो, बघू या" म्हणाला होता. "बघू या" हा त्याचा आवडता शब्द.

बघायचं म्हणून तिने तक्ता केला. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा मोठा कागद उलटा केला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर दोन राज्यं लिहिली. खाली एकेक बाब घातली: घरभाडं, जागेचा दर, पेन्शनवरचा कर, फौजी दवाखाना किती लांब, सवलतीत सामान देणारी फौजी कॅन्टीन किती लांब, फौजीच्या मुलांना कॉलेजच्या फीत सवलत, हवा, पाणी, हवालदाराला पहारेकऱ्याची नोकरी मिळण्याचा संभव. अशा बारा ओळी. माहिती तिने शेजारपाजारून, कॅन्टीनच्या रांगेतून आणि निवृत्त होऊन गेलेल्यांना फोन करून जमवली होती. शेजारच्या, सिग्नल तुकडीतल्या फौजीची बायको, जिला सगळे बातमीवहिनी म्हणत, ती तर रोज नवी बातमी आणायची.

"सिस्टर, वरच्या राज्यात थंडी इतकी, की माझ्या मावसदिराचं पेन्शन कोळशातच जातं म्हणे."

"आणि खाली?"

"खाली उकाडा इतका, की कोळसा तर लागतच नाही, माणूसच भाजून निघतो."

"मग वहिनी, तुम्ही कुठे जाणार?"

"आम्ही? आमच्या ह्यांना अजून सहा वर्षं आहेत. तोवर तुम्ही राहून बघा आणि मला फोन करा."

रविवारी सकाळी तिघं तक्त्याभोवती बसले. हवालदाराने चष्मा लावला आणि एकेका ओळीला जिथे चांगलं तिथे खूण करत गेला. मुलगी बारावीची परीक्षा देत होती. ती अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून हेच बघत होती. शेवटी खुणा मोजल्या. खालचं सात, वरचं पाच.

"झालं," हवालदार म्हणाला. "तुझ्याच तक्त्याने सांगितलं. मी काही बोललो नाही बरं का."

मुलगी कागदावर वाकली. "आई, तुझ्या नोंदणीची ओळ सगळ्यात खाली का?"

"जागा तिथेच उरली होती."

"आणि तिला एकच गुण? कॅन्टीन किती लांब, त्यालाही एक आणि तुझ्या अख्ख्या नोकरीलाही एक?"

"ओळ एक, तर गुण एक."

"बाबा, कॅन्टीनपर्यंत तुम्ही चालत जाल हो. आईने काय चालत परीक्षेचं वय मागे न्यायचं?"

हवालदाराने चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोने मागितलेलं तो सहसा नाकारत नसे, फक्त ती फारसं मागत नसे. त्याने सिस्टरकडे पाहिलं. ती बघत होती बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे.

"तुला वरच जायचंय का?"

"मला कामावर जायचंय," ती म्हणाली. "ते वर मिळतंय."

"मग वर जाऊ. त्यात काय! दादाचं घर काय पळून जातंय? माडीवरची खोली आहेच आपली. नाही जमलं तर उतरू खाली."

इतक्या सहज तो हो म्हणाला, की तिला धड आनंदही करता आला नाही.

पाच मार्चला ती युनिटच्या ऑफिसात पत्र मागायला गेली. हेडक्लार्क दहा वर्षं त्याच खुर्चीत होता. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त. त्याच्या दोन्ही मुलांना तिनेच लसीच्या सुया टोचल्या होत्या, त्यामुळे तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, आणि हवालदाराची फाईल काढून उघडली. मग त्याचा चष्मा खाली आला.

"वहिनी, हे वरच्या राज्याचं पत्र मागताय तुम्ही. पण रेकॉर्डला तर स्थायिक होण्याचं ठिकाण खालचं आहे."

"आम्ही तसं कधी कळवलंच नाही."

"कळवलंय. अकरा वेळा कळवलंय." त्याने फाईल तिच्याकडे वळवली. "हे अक्षर ओळखता?"

तिने ओळखलं. वॉर्डात रुग्णाच्या तक्त्यावर लिहिताना लागलेलं उभं, सुटं, स्वच्छ अक्षर. हवालदाराचं अक्षर वाचायला त्रास व्हायचा, म्हणून लग्न झाल्यापासून त्याचे सगळे फॉर्म तीच भरायची आणि तो खाली सही करायचा. दर बदलीला एक माहितीपत्रक भरावं लागे. त्यात पाचवा रकाना होता, कायमचा पत्ता. क्वार्टरचा पत्ता तिथे चालत नाही, रकाना रिकामा ठेवलेलाही चालत नाही. वसाहतीतल्या सगळ्या बायका तिथे सासरचा नाहीतर माहेरचा पत्ता टाकून मोकळ्या व्हायच्या. तिनेही पहिल्या वर्षी थोरल्या दिरांचा पत्ता टाकला. पुढे मागचा कागद समोर ठेवून तोच उतरवत गेली. कधी दूध उतू जाईल म्हणून घाईत, कधी मुलगी मांडीवर असताना. अकरा कागद, एकच पत्ता, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

"पण तो फक्त रकाना भरायचा म्हणून..."

"रकाना असाच भरायचा असतो हो सगळ्यांना," हेडक्लार्क म्हणाला. "पण निवृत्तीच्या वेळी ऑफिस त्यालाच धरून चालतं. वेगळं ठिकाण हवं असेल तर सहा महिने आधी कळवायचं. एकतीस जानेवारीपर्यंत. नोटीस लावली होती बोर्डावर."

बोर्ड ऑफिसच्या आतल्या बोळात होता. तिथे बायका जात नसत. हवालदार रोज जात होता.

ती उठली नाही. तिने इतकी वर्षं कुणाला दोष द्यायचा म्हटलं, तर फौजेला दिला होता, बदलीला दिला होता, कधी मनातल्या मनात नवऱ्याला. आता समोर अकरा कागद होते आणि प्रत्येक गाठ तिच्याच हाताने मारलेली.

हेडक्लार्कला ते बघवेना. त्याने दार लोटून घेतलं. "वहिनी, बदल आता होत नाही. पण चूक झाली असेल तर दुरुस्ती होते. तिला मुदत नाही. सैनिकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, तुमच्या नाही. सदर पत्ता माझ्या भावाचा असून तिथे माझं घर नव्हतं, नाही आणि पुढेही असणार नाही. एवढं लिहून खाली सही. ते मी रेकॉर्ड ऑफिसला पाठवतो. पंधरा-वीस दिवसांत उत्तर येतं. रेकॉर्डला दुसरं ठिकाण उरलं नाही, की वरच्या राज्याचं पत्र मला देता येतं."

"एवढंच?"

"एवढंच. पण हवालदारसाहेबांना आधी विचारा," तो हलकेच म्हणाला. "हे 'पुढेही असणार नाही' लिहिताना भलेभले अडतात. लोकांचं मन असतं ना त्या पत्त्यात."

हवालदार अडला. संध्याकाळी चहा पुढ्यात गार होईपर्यंत त्याने कपाला हात लावला नाही.

"असं कसं लिहू?" तो शेवटी म्हणाला. "दादाला कळलं तर?"

"कळेल कशाला? फाईलमध्ये राहणार ते."

"मला तर कळेल ना."

तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षं सीमेवर, तंबूत, बराकीत हा माणूस त्या माडीवरच्या खोलीच्या भरवशावर झोपला होता. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, कोपऱ्यात पुस्तकांचं फडताळ करायचं, बाहेर गच्चीत आरामखुर्ची टाकायची. नोकरीत जवान म्हणून लागला तेव्हाच दादाने माडी चढवली होती आणि भिंतीवर हात ठेवून म्हटलं होतं, ही फौजीची खोली. तेव्हापासून त्या खोलीत त्याचं घर वसलेलं होतं. प्रत्यक्षात सुट्टीवर गेलं की तिघं पुढच्या खोलीत अंथरुणं टाकायची. माडीवर मोठ्या जाऊबाईंची पोती, जुना पलंग आणि शिवणयंत्र होतं. दर वेळी जाऊबाई म्हणायच्या, "पुढच्या वेळेपर्यंत रिकामी करते हो खोली." वागायच्या चांगलं. पाहुण्यांशी वागावं तसंच.

"तू मला काय लिहायला सांगतेयस, कळतंय का तुला?" तो म्हणाला. "माझं घर नाही असं लिहू?"

"नाहीच आहे."

"तुला नसेल."

"अहो, तुम्ही तिथे सलग पंधरा दिवसांच्या वर कधी राहिलात?"

"राहणं वेगळं आणि असणं वेगळं."

"मग माझंही तसंच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे त्याला मान वर करावी लागली. "मी परिचारिका असणं वेगळं आणि ट्रंकेत गणवेश असणं वेगळं. सव्वीस दिवसांनी असणंही संपेल. तुमची खोली कागदावर नसली तरी भिंती राहतील. माझं सगळं कागदावरच आहे."

आतल्या खोलीत मुलगी पुस्तकाचं पान उलटायची थांबली होती.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, पाणी गेलं, किल्ली कुठेय. सिस्टरने पुन्हा विषय काढला नाही. तिने सामानाची यादी करायला घेतली. ट्रंका आठ होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नवऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि जायच्या गावाचं नाव असायचं. दर बदलीला जुन्या गावावर काळा रंग मारायचा आणि वर नवं गाव लिहायचं. रंगाचे थर इतके चढले होते, की बोट फिरवलं तर गावं हाताला लागायची. तिने सातही ट्रंका पुसल्या आणि आठवीपाशी आली. गणवेश काढला, झटकला, पुन्हा तशीच घडी घातली. दंडावरची शिवण उसवली होती. सुई-दोरा घेऊन ती शिवण घालायला बसली. कशासाठी, असं तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हवालदार दारात उभा राहून बघत होता. त्याने बूट घातले आणि म्हणाला, "चल. ऑफिस पाचला बंद होतं."

हेडक्लार्कने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. हवालदाराने लिहायला सुरुवात केली. चार ओळी लिहायला त्याला अर्धा तास लागला. 'असणार' लिहून तो थांबला. भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं, मग 'नाही' लिहिलं. सिस्टर बाजूच्या बाकावर हात मांडीत धरून बसली होती. पेन घ्यायची इतकी सवय, की दोनदा तिचा हात आपोआप पुढे झाला होता.

"आता हे नवं माहितीपत्रक," हेडक्लार्क म्हणाला. "जुनं रद्द, म्हणून नवं. हेही तुमच्याच हाताने."

हवालदार एक, दोन, तीन, चार रकाने भरत गेला. पाचव्याशी आला आणि त्याने सवयीने बायकोकडे पाहिलं.

"इथे काय लिहू?"

बावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला क्षण लागला नव्हता. आता ती विचारच करत राहिली. वरच्या राज्यात अजून खोलीसुद्धा बघितली नव्हती. क्वार्टर जुलैत जाणार. खालचं घर त्याने आत्ताच स्वतःच्या हाताने खोडलं होतं.

"रिकामा ठेवा," ती म्हणाली.

"रिकामा चालत नाही वहिनी," हेडक्लार्क म्हणाला. "काहीतरी लागतं."

"मग 'नाही' लिहा."

हवालदाराने लिहिलं. हेडक्लार्कने कागद स्वतःकडे वळवून वाचला. "कायमचा पत्ता, नाही?"

"नाही," हवालदार म्हणाला.

हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला आणि शिक्का मारला.

रेकॉर्डचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. त्याच दिवशी युनिटचं पत्र निघालं आणि एकोणतीस मार्चला सिस्टरचा अर्ज वरच्या राज्याच्या कार्यालयात पोचल्याची पावती मिळाली. एप्रिलच्या शेवटी नोंदणी आली. वसाहतीत बातमीवहिनीने ती घरोघर पोचवली. लोक अभिनंदन करायला आले आणि येताना एक-दोन जण दुखरं बोटही घेऊन आले.

हवालदाराने मेच्या पहिल्या रविवारी भावाला फोन केला. त्याआधी खोलीत चार चकरा मारल्या आणि पाणी प्याला. सिस्टर ओट्यापाशी उभी होती. फोन मोठ्या आवाजाचा, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"दादा, आम्ही वरच्या राज्यात जायचं ठरवलंय. हिचं काम आहे तिथे. म्हणजे... तुला वाईट वाटणार असेल तर..."

"अरे वाईट कसलं! उत्तम!" दादा म्हणाले. "नोकरी आहे तिथे माणसाने जावं. मीच तुला फोन करणार होतो. माडीवरच्या खोलीला एक भाडेकरू विचारतोय, बँकेतला मुलगा आहे, बरा आहे. म्हटलं, तुझं काय ते कळू दे आधी. मग देऊन टाकू ना?"

"दे की," हवालदार म्हणाला. "दे, दे. पूर्वेची खिडकी आहे, त्याला आवडेल."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. पुढे वाकून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. सिस्टरने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसली. आपण जिंकलो असं तिला वाटलं नाही. ती सुटली होती खरी, पण त्याचं तेवढं एक दार बंद करून.

जुलैत ट्रंका ओळीने बाल्कनीच्या दाराशी लागल्या. वरच्या राज्यात एका शहराच्या कडेला दोन खोल्या भाड्याने बघितल्या होत्या, अकरा महिन्यांच्या कराराने. घरमालकाने आधीच बजावलं होतं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. सिस्टरने जुन्या गावांवर काळा रंग फिरवला, तो वाळला, आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडायला तिने चमचा शोधला.

"थांब," हवालदार म्हणाला. त्याने मुलीच्या दप्तरातून खडूचा तुकडा आणला आणि तिच्या हातात दिला. "या वेळी याने लिही."

"पुसलं जाईल प्रवासात."

"गेलं तर परत लिहू."

तिने खडू घेतला आणि एक नंबरच्या ट्रंकेपाशी बसली. तो डबा घेऊन आत गेला आणि झाकण घट्ट बसवायला लागला.